जोत्याचं माप

लेकीकडं तीन महिने राहून आलो
तेव्हापासून मंगळवार पेठेत जो तो विचारतो,
धबधबा बघितला का?
नाही बघितला.
जावयानं गाडी सस्कॅटूनवरून खाली घातली,
दोन दिवस नुसतं गवत.

पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात गेली,
टेप अजून खिशात असते.
विमानतळावरच्या पोरानं ती पूर्ण ओढून बघितली,
पंधरा मीटर,
आणि परत गुंडाळता येईना त्याला.

उखडलेल्या रुळांशेजारी एक लाकडी धान्यकोठार,
आठ मजले उंच, ना खिडकी ना सज्जा,
माथ्यावर गावाचं नाव, अर्धं पुसलेलं.
शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीचा वास येईल म्हणून
फळीला नाक लावलं.
जुना गहू आणि पारवे.
फलकावर लिहिलेलं: लोकवस्ती चौदा.
आमच्या बोळात नळाला पाणी आलं
की एवढी माणसं भांडायलाच असतात.

शाळेचं म्युझियम केलेलं. किल्ली पेट्रोल पंपावर.
मी जावयाला म्हटलं, गुरवाकडं असते तशी.
पंपावरची आयरीनबाई, पंच्याहत्तरीची,
काउंटर तसाच टाकून स्वतः आली उघडायला.
घंटा दाखवली. स्टोव्ह दाखवला.
बाकावर चाकूनं कोरलेलं नवऱ्याचं नाव दाखवलं,
त्यावर अंगठा फिरवला.
मी भिंतीला टेप लावली
तर न सांगता तिनं दुसरं टोक धरलं.
दुसरं टोक धरणारं माणूस कुठल्याही मुलखात ओळखू येतं:
ते वाकतं, टोक जमिनीला टेकवतं
आणि गप्प राहतं.

मग राष्ट्रीय उद्यान. लांबून वाटलं, पिंजराच्या काळ्या गंज्या.
त्यातली एक चालायला लागली.
हा तर आपला गवाच, म्हटलं,
नुसतं घोंगडं पांघरलेला.
जावई हसला. फाटकापाशी मोठा फलक,
गवताच्या जाती, सापांच्या, घुबडांच्या,
आणि तळाला बारीक अक्षरात एक ओळ:
इथे पूर्वी काही कुटुंबे राहत असत.
टोपीवाली वनरक्षक पोरगी म्हणाली,
त्या 'काही'मध्ये माझी पणजी होती.
जावयानं मराठीत सांगितलं
आणि पुढचे साठ किलोमीटर तोही बोलला नाही.

मी का बोललो नाही, ते त्याला माहीत नाही.

दाजीपूरच्या अंगाला एक धनगरवाडा होता.
अभयारण्यासाठी उठवला तेव्हा
मोबदल्याची मापं घ्यायला मला पाठवलेलं,
नवीन नोकरी, नवीन बूट, जळवा.
दुसरं टोक धुळू झोरेच्या बापानं धरलं,
वाकून, जमिनीला टेकवून.
संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी लिहिलं:
कच्ची बांधकामे, नऊ.
खाली सही. सही अजून तीच आहे माझी.

परवा धुळूला शोधून काढला.
गोकुळ शिरगावला फाउंड्रीच्या गेटवर वॉचमन,
रात्रपाळी करून तसाच आला.
राधानगरीपर्यंत एसटी, पुढं जीप, पुढं पाय.
वाड्याच्या जागेवर गवा उभा होता,
पांढऱ्या मोज्यांचे पाय, पाठीवर ऊन.
आम्ही जांभळीखाली बसून राहिलो.
धुळूनं तंबाखू मळली, मला दिली,
मी सोडलेली आहे, तरी घेतली.
तासाभरानं जनावर आपणहून खाली उतरलं.

मग कारवीत हात घालून धुळूनं दगड मोकळे केले.
मी वही काढली, तीच,
शेवटच्या पानावर धान्यकोठाराचं माप, बत्तीस बाय तेहतीस फूट.
टेप सोडली. दुसऱ्या टोकाला धुळू वाकला,
टेकवलं,
पण गप्प राहिला नाही.

"सायब, ह्यो गोठा. 
तुमी तवाबी गोठाच मोजला हुता.
बा बोलला न्हाई, सायब मोजत्यात म्हणून.
घर तिकडं. त्या उंबराच्या अंगाला."

टेप गुंडाळली. मधेच अडकली, गवत सोडवलं.
धुळू पुढं, हातानं काटे बाजूला करत,
मी त्याच्या मागं.